कोंबडी लंगडते तेव्हा

आमची तांबडी कोंबडी लंगडू लागली तेव्हा आई म्हणाली, “काटा मोडला असेल. निघेल आपोआप.” मीही तसेच धरून चाललो. पंधरा दिवसांनी तिला उचलून तळवा पाहिला, तर मधल्या गादीवर हरभऱ्याएवढी काळी खपली आणि भोवती गरम सूज. काटा नव्हताच. तेव्हापासून मी कोंबड्यांचे पाय पाहत आलो आहे. माझ्याकडे पदवी नाही. पुस्तके, पशुवैद्यांना विचारलेले प्रश्न आणि परसातले बारा-पंधरा पक्षी एवढेच माझे शिक्षण.

आधी पायाची रचना समजून घेऊ. कोंबडीचा जो ‘उलटा वाकणारा गुडघा’ आपल्याला दिसतो, तो खरे तर घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. म्हणजे कोंबडी टाच उचलून बोटांवरच चालते आणि सारे वजन तळव्याच्या गादीवर व बोटांवर येते. शिवाय ती भक्ष्य होणारी जात; दुखणे लपवणे तिच्या अंगवळणी पडलेले असते. लंगडणे डोळ्यांना दिसते तेव्हा दुखणे बहुधा जुने झालेले असते.

तांबडीला झाला होता तो ‘बंबलफूट’. खरबरीत किंवा कठीण जमिनीने, उंचावरून उडी मारल्याने वा ओल्या घाणीने तळव्याची कातडी फुटते आणि आत जंतू शिरतात. बहुतेकदा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा. अंगाने जड पक्ष्यांना धोका अधिक. पक्ष्यांचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. म्हणून गळू पिळून उपयोग नाही, उलट संसर्ग खोल जातो. सुरुवातीच्या दुखण्यात कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा, कोरडा करून पोव्हिडोन-आयोडीन लावावे, गॉज ठेवून पट्टी बांधावी, ती रोज बदलावी आणि पक्षी कोरड्या, मऊ जागी ठेवावा. सूज वाढली, बोटे फुगली किंवा कोंबडी पाय टेकेनाशी झाली, तर कापाकापी घरी करू नये. ते पशुवैद्याचे काम. त्यांनी प्रतिजैविक दिले, तर ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ वा विकू नयेत. हा जंतू माणसालाही त्रास देतो, हातमोजे घालावेत.

कडकनाथाचे पाय मुळातच काळपट, त्यामुळे त्याची काळी खपली नजरेतून निसटते. तिथे डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवावा: तळवा चाचपावा, दोन्ही पायांचा स्पर्श आणि ऊब ताडून पाहावी.

दुसरे दुखणे तळव्याचे नव्हे, नळीचे. पायावरचे खवले उचलले जातात, त्यांखाली पांढुरका चुरा साठतो, पाय जाड व ओबडधोबड दिसतो. नेमिडोकॉप्टिस म्यूटन्स नावाची, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी खरजेची कीड खवल्यांखाली बिळे करते. ती एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणून उपचार साऱ्या कळपावर हवा. यावर रॉकेल लावण्याची जुनी रीत आहे. त्याने कातडी भाजते. साबणाच्या कोमट पाण्याने पाय धुऊन व्हॅसलिन जाड थापावे; कीड गुदमरते. हे काही आठवडे पुन्हा पुन्हा करावे लागते. खवले ओरबाडून काढू नयेत.

काही वेळा पाय लुळा पडतो, पण रोग पायात नसतो. पिल्लाची बोटे आत मुडपली, तर खाद्यात ब-२ जीवनसत्त्व कमी पडलेले असू शकते. वेळीच दिले तर पिल्लू सावरते. एक पाय पुढे, एक मागे अशी तलंग पडून राहिली, तर मारेक रोगाची शंका घ्यावी. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी 1907 मध्ये त्याचे वर्णन केले. त्यावर औषध नाही. पिल्लू अंड्यातून निघताच द्यायची लस आहे. पायाबरोबर मानही पिळवटली, तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. अशा वेळी पट्टी बांधत बसू नये. पक्षी वेगळा ठेवून पशुवैद्याला कळवावे.

तांबडीचा पाय पट्टीने बरा झाला. दोन महिन्यांनी तीच खपली परत आली. मग एका सकाळी मी खुराड्यापाशी बसून राहिलो. तांबडी पडवीच्या उंच वाशावरून उतरली ती थेट जांभ्याच्या चिऱ्यावर. रोज सकाळी एक उडी, त्याच दगडावर, त्याच तळव्यावर. मी जखमेवर उपचार करत होतो. जखम करणारा दगड जागेवरच होता.

त्या खेपेला संसर्ग सांध्यात उतरला आणि तांबडी गेली. अंड्यांच्या पैशांतून हातखर्च भागवणाऱ्या आईने नव्या कोंबड्यांसाठी बसायची दांडी गुडघाभर उंचीवर आणायला लावली. दांडी चपटी, दोन-तीन बोटे रुंद, कडा घासलेल्या. खाली भाताचा तूस पसरतो. पावसाळ्यात तो ओलावला की बदलतो.

आता महिन्यातून एकदा, काळोख पडल्यावर कोंबड्या सुस्तावल्या की मी एकेक उचलून तळवे पाहतो. आई कंदील धरते. हल्ली “काटा असेल” असे ती म्हणत नाही. “खालची जमीन बघ आधी,” म्हणते.