उत्तर कोंकणांतील ताड, माड व शिंदी : त्यांच्या खोडांचे जुने उपयोग

ताडपत्रावरील पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस तालवृक्षाच्या पानाचें महत्त्व सांगावयास नको. परंतु याच कुळांतील वृक्षांच्या खोडांनीं रानांतील व खाडीकांठच्या लोकांस निवारा, पाणी व वाट पुरविली, याकडे संशोधकांचें लक्ष क्वचितच जातें. दिवा व डोंबिवली यांच्या दरम्यान असलेलें कोपर हें खाडीकांठचें गांव मध्यबिंदु धरून, पश्चिमेस वसई-सोपाऱ्यापर्यंत व पूर्वेस मुरबाड-शहापूरच्या रानापर्यंतचा टापू पाहिला, तर या विषयाचें स्वरूप नीट ध्यानांत येतें.

प्रथम लेखी पुरावा घेऊं. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकीं एकांत नानंगोल गांवच्या ३२,००० नारळींचें दान असून तें घेणाऱ्या चरक-परिषदांमध्यें शूर्पारक, म्हणजे आजचें सोपारें, येथील परिषदही आहे. दुसऱ्या एका लेखांत कापूर आहारांतील चिखलपद्र गांवीं ८,००० नारळी दिल्याचें नमूद आहे. दोन्ही ठिकाणीं झाडांची गणती ‘मूल’ या शब्दानें केली आहे. इंग्रजी भाषांतरांत याचें ‘खोडें’ असें रूपांतर झालें आहे. तथापि तेथें इमारती लांकूड अभिप्रेत नसून उभीं, उत्पन्न देणारीं झाडें अभिप्रेत आहेत, हें दानाच्या स्वरूपावरूनच उघड होतें. सारांश, दानलेख झाडाचें उत्पन्न मोजतो; झाड पडल्यावर त्याच्या खोडाचें काय होई, हें तो सांगत नाहीं. तें प्रत्यक्ष वस्तूंवरूनच जाणलें पाहिजे.

नांवांविषयीं येथें सावधगिरी हवी. ‘माड’ म्हणजे सामान्यतः नारळ. पण ‘भेरली माड’ अथवा ‘सुरमाड’ हा डोंगरांतला अगदीं निराळा वृक्ष होय. ताड व शिंदी हीं दोन निराळीं झाडें असून त्यांच्या रसासही अनुक्रमें ताडी व शिंदी असें म्हणतात. मुंबईच्या कंपनीकालीन इंग्रजी कागदांत आढळणारा ‘ब्राब’ शब्द हा ताडच. पोर्तुगीज लोक त्यास ‘रानटी ताल’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत, त्यावरून तो आला. हा भेद न ओळखल्यास वाचनांत घोटाळा होतो.

आतां खोडाची घडण पाहूं. साग किंवा ऐन यांचें लांकूड मध्यभागीं पक्कें असतें. तालकुळांत नेमकें उलट. बाहेरच्या कड्यांत काळसर, कठीण तंतूंची दाटी असते व आंत मऊ भेंड भरलेला असतो. यामुळें खोड उभें चिरून भेंड कोरून काढला कीं विशेष श्रमाशिवाय पन्हळ तयार होते. झऱ्याचें पाणी वाडीपर्यंत आणण्यास किंवा पागोळ्यांचें पाणी वाहून नेण्यास अशी पन्हळ उपयोगीं पडे. ताडाच्या बाहेरील भागाचे वासे व खांब निघतात, आणि खाऱ्या पाण्यांत तें लांकूड टिकतें असा त्याचा लौकिक आहे. खाडीकांठीं त्याची किंमत कां असावी हें यावरून कळेल. माडाचीं वा पोफळीचीं दोन-चार खोडें ओहोळावर आडवीं टाकलीं कीं साकव झाला. पोफळ सडपातळ व सरळ असल्यानें ती चिरून रिपा काढीत, आणि अखंड ठेवून मांडवाचे खांब करीत.

भेरली माडाचा भेंडही वायां जात नसे. हा वृक्ष आयुष्याच्या अखेरीस फुलतो. फुलोरे शेंड्यापासून खालीं येत जातात आणि शेवटचा फळल्यावर झाड मरतें. त्याचा भेंड कुटून, धुवून साबुदाण्यासारखें पीठ मिळतें, व दुष्काळांत रानांतील लोकांस त्याचा आधार होई. राहिलेल्या कठीण कवचाची पन्हळ होई.

शिंदीचें खोड तर एक प्रकारचा लेखच होय. तालकुळांत वर्षवलयें नसतात, म्हणून खोड कापून वय मोजतां येत नाहीं. परंतु रसासाठीं शेंड्याजवळ एका वर्षीं एका बाजूस व पुढील वर्षीं विरुद्ध बाजूस छेद घेतला, म्हणजे खोडावर नागमोडी खांचा राहतात. त्या मोजल्या कीं झाड किती हंगाम छेदलें गेलें हें कळतें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यान्वयें छेदावयाच्या झाडांवर कर बसे. अशा कराच्या कागदांशीं जुन्या खोडांवरील खांचा ताडून पाहतां आल्या, तर दप्तर व झाड हीं परस्परांचीं साक्षीदार होतील.

परंतु हे साक्षीदार फार काळ राहणारे नव्हेत. शिलालेख दोन हजार वर्षें टिकतो, पोथी कांहीं शतकें. पन्हळ मात्र पावसानें कुजते, आणि कोपर-डोंबिवलीकडे जुनीं घरें उतरून इमारती उठत असतां वासे सरपणांत जातात. वस्तूबरोबर तिचें नांव व ती करणाऱ्याची रीतही नाहींशी होते. म्हणून आमची विनंति अशी कीं, संग्राहकांनीं पोथ्यांच्या शोधार्थ जुन्या घरांत जातांना वर आढ्याकडेही दृष्टि टाकावी. लांकूड कोणत्या झाडाचें, त्यास घरचे काय म्हणतात व तें कोणीं कसें चिरलें, हें तेथल्या तेथें टिपून घ्यावें. ज्या घरांत अशीं माणसें अद्याप आहेत, तेथें हें काम उद्यांवर टाकूं नये.