फासे नागपुरात, तलवार न्यू जर्सीत

30 ऑगस्ट 2020. ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडची अंतिम लढत, भारत विरुद्ध रशिया. कोरोनामुळे प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी, आपापल्या पडद्यासमोर. पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत सुटली होती. दुसऱ्या फेरीत नागपूरची 14 वर्षांची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचं सर्व्हरशी कनेक्शन तुटलं. पटावरच्या सोंगट्या जागच्या जागी राहिल्या, घड्याळ मात्र धावत राहिलं. वेळ संपली आणि दोघंही हरले. भारताने दाद मागितली. त्या दिवशी इंटरनेटमध्ये जगभर बिघाड झाला होता, हे पाहून जागतिक बुद्धिबळ महासंघाने शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं.

बुद्धिबळ असं निष्ठुर आहे. लाइन गेली की डाव गेला. टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांचं आणखी एक कुटुंब मात्र या बाबतीत फारच दिलदार आहे. तिथे कुणाचं वायफाय बंद पडलं तर सूत्रधार एवढंच म्हणतो, "तो खंदकात लपून बसलाय, आला की बाहेर काढू." बाकीचे पुढे निघतात. हे रोल-प्लेइंग गेम्स, खेळणाऱ्यांच्या तोंडी आरपीजी. त्यातला सर्वांत गाजलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. नेटफ्लिक्सवर 2016 मध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेतली पोरं तळघरात बसून जो खेळतात, तोच हा.

खेळात चार-पाच जण लागतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. गोष्टीतलं जग तो उभं करतो. वाटेतला नावाडी, लाचखाऊ ठाणेदार, गुहेतला राक्षस ही सगळी पात्रं त्याची. बाकीचे प्रत्येकी एकच पात्र घेतात आणि त्याने काय करायचं ते ठरवतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. यात कुणी कुणाला हरवत नाही, आणि नेमकं हेच नवख्या माणसाला पचायला सगळ्यात जड जातं. "मग जिंकलं कोण?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते नागपूरच्याच मातीतल्या एका गोष्टीवरून पाहू. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात लढाई झाली आणि भोसले हरले. पुढच्या वर्षी कंपनीने अप्पासाहेब भोसल्यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केलं. मे 1818 मध्ये वाटेतच पहारेकरी फितवून, शिपायाचा वेश करून ते निसटले आणि गोंडांच्या आश्रयाने महादेवाच्या डोंगरांत शिरले. पुढे असीरगड, मग पंजाब आणि अखेर जोधपूर. तिथेच 1840 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आरपीजीसाठी याहून चांगलं कथानक मागून मिळायचं नाही.

समजा, चार जुने शाळूसोबती हा डाव मांडून बसलेत. डीएम नागपुरात धरमपेठेत, एक जण पुण्यात, एक न्यू जर्सीत, एक लंडनमध्ये. पुणेकर झालाय गोंड वाटाड्या, लंडनवाली फितूर शिपाई आणि न्यू जर्सीवाला माहूत. रात्रीची छावणी. पडद्यावर छावणीचा नकाशा आहे, पण पात्रांना मशालीच्या उजेडात दिसेल तेवढाच, उरलेला काळा. डीएम पहारेकऱ्याच्या आवाजात दरडावतो, "कोन होय बे तिकडं? अन् हा हत्ती एवढ्या रातीचा कुठं चालला?" (कंपनीचा शिपाई खरं तर हिंदुस्थानी बोलला असता. पण डीएम धरमपेठेतला आहे, इलाज नाही.)

न्यू जर्सीवाला क्षणभर गप्प. मग म्हणतो, "पोट दुखून राह्यलं जी त्याचं. फिरवला नाही तर रातभर ओरडन, सायेब बी उठन."

आता फासा. डीएमने मनात आकडा धरलाय 15. माहुताला थापा मारण्यात 5 गुण जास्तीचे आहेत, म्हणजे फाशावर किमान 10 पडायला हवेत. वीस बाजूंपैकी अकरा त्याच्या बाजूच्या. शक्यता 55 टक्के. पण थाप फक्कड होती, म्हणून डीएम त्याला दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत देतो. सध्या चालू असलेल्या नियमांत या सवलतीला 'अ‍ॅडव्हान्टेज' म्हणतात, आणि तिच्यामुळे शक्यता जवळपास 80 टक्क्यांवर जाते. फासे पडद्यावर सगळ्यांना दिसतात. एक 4, दुसरा 17. हत्ती बाहेर. त्याच्या आडोशाने अप्पासाहेबही.

17 च्या जागी 7 पडला असता तर? मग पहारेकऱ्याने मशाल वर केली असती आणि लंडनवालीला काहीतरी झटपट सुचवावं लागलं असतं. इतिहासात अप्पासाहेब सुटले, म्हणून खेळातही सुटतीलच असा नियम नाही. पुढचं वाक्य ठरलेलं नसताना समोरच्याच्या तोंडून ते उचलून पुढे न्यायचं, हे कसब तमाशातल्या बतावणीने मराठी माणसाला केव्हाच शिकवलं आहे. इथे फक्त फासा मध्ये पडतो.

दूर राहून खेळणं ही कोरोनाकाळाची देणगी आहे असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये बाजारात आला. तो रचणारे दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन, एका गावात राहतच नव्हते. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हात, आर्नसन शेजारच्या मिनेसोटात. खेळाचे बरेचसे नियम पत्रांतून आणि फोनवरून ठरले. पहिल्या आवृत्तीच्या 1,000 प्रती निघाल्या, त्याही गायगॅक्सच्या घरी हातांनी जुळवलेल्या. त्याआधी 1963 पासून अमेरिकेत 'डिप्लोमसी' हा युद्ध-मुत्सद्देगिरीचा खेळ टपालाने खेळला जात होता. एकेका चालीला आठवडे लागत. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी संगणकावर 'मड' नावाचं निव्वळ शब्दांचं जग उभं केलं आणि एकाच वेळी अनेकांनी त्यात शिरावं अशी सोय केली.

आज ज्या वेबसाइटवर बरेच नवखे पहिला डाव मांडतात, त्या 'रोल20'ची जन्मकथा तर थेट या लेखाच्या विषयाची आहे. कॉलेजात एका खोलीत राहणारे तीन मित्र शिक्षणानंतर पांगले. खेळ सुटू नये म्हणून त्यांनी स्वतःपुरतं एक ऑनलाइन टेबल बनवलं. 2012 मध्ये ते सगळ्यांना खुलं करायचं ठरवून लोकांकडे 5,000 डॉलर मागितले, जमले जवळपास 40,000. नकाशा, फासे, पात्राची माहिती हे सगळं ब्राउझरमध्येच येतं, आणि साध्या वापराला पैसे पडत नाहीत. ज्यांना आणखी झगमगाट हवा त्यांच्यासाठी 2020 मध्ये आलेलं 'फाउंड्री' आहे. ते एकदाच विकत घ्यायचं. बोलण्यासाठी बहुतेक जण 'डिस्कॉर्ड' वापरतात.

नागपूरची पोरं शिकून पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला जातात आणि त्यातली कितीतरी तिथून पुढे परदेशात. ही घरोघरची गोष्ट आहे. मागे शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उरतो. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, फॉरवर्ड आणि निवडणुकीच्या दिवसांत भांडणं. व्हिडिओ कॉल ठरतो, पंधरा मिनिटांत नोकरी, मुलं, हवामान संपतं आणि "अजून काय?" सुरू होतं. आरपीजीची खरी करामत इथे दिसते. ती मित्रांना गप्पांचा विषय देत नाही, काम देते. हत्ती छावणीबाहेर काढायचाय, एवढं काम डोक्यावर असलं की तीन तास कसे गेले कळत नाही आणि "अजून काय?" विचारायला कुणाला सवड मिळत नाही. नोकरी, मुलं, हवामान हे सगळं मधल्या चहाच्या सुट्टीत आपोआप निघतं.

आता अडचणी. सगळ्यात मोठी अडचण इंटरनेट नाही, राक्षस नाही, घड्याळ आहे. उन्हाळ्यात नागपुरात रविवारी संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे तीन, न्यू जर्सीत सकाळचे दहा, कॅलिफोर्नियात सकाळचे सात आणि सिडनीत मध्यरात्रीचे बारा. ठीक. पण भारत घड्याळाचे काटे हलवत नाही, बाकीचे हलवतात, आणि तेही एका दिवशी नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी, सिडनी एप्रिलच्या पहिल्या. त्यामुळे दरवर्षी मार्चमधले दोन-तीन आठवडे कुणीतरी तासभर आधी येऊन ताटकळतो किंवा तासभर उशिरा येऊन बोलणी खातो. यावर उपाय सोपा आहे: वेळ भारताची धरायची, बाकीच्यांनी आपापला हिशोब करायचा. घड्याळं जुळतच नसतील तर खेळ लिहूनही चालतो. प्रत्येकाने सवडीने आपल्या पात्राचा परिच्छेद टाकायचा. गती गोगलगायीची, पण लिहिण्याची हौस असलेल्यांना हाच प्रकार जास्त आवडतो.

दुसरी अडचण आवाजाची. टेबलाभोवती दोघे एकदम बोलले तरी कान निवड करतात. कॉलवर दोघांचाही चिवडा होतो. मोठ्या आवाजाचा खेळाडू सगळं व्यापतो आणि अबोल माणूस माइक बंद करून बसून राहतो. म्हणून चांगला डीएम ऑनलाइन खेळताना नावं घेऊन फेरी लावतो: "वाटाड्या, तू काय करतोस?" अशा पाळ्या एरवी लढाईत असतात, तो लढाई नसतानाही लावतो. नकाशे सजवण्यात चार रात्री घालवणाऱ्या डीएमपेक्षा हा डीएम केव्हाही बरा.

पालकांना मात्र वेगळीच धास्ती असते: पोरांच्या मनावर वाईट परिणाम होईल का? 1980 च्या दशकात अमेरिकेत तर या खेळाला सैतानी ठरवण्याची लाट आली होती, ती ओसरली. तरी एक काळजी रास्त आहे: कल्पनेतला प्रसंगही एखाद्याला झोंबू शकतो. त्यासाठी जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी 2013 मध्ये 'एक्स-कार्ड' सुचवलं. कुणालाही प्रसंग नको वाटला की त्याने कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, गोष्ट वळवायची. ऑनलाइन तर हे आणखी सोपं, चॅटमध्ये X हे एक अक्षर टाकलं की झालं.

भारतीय खेळाडूला आणखी एक गंमत भेटते. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस आहे, पण वाघाच्या तोंडाचा, साहेबी झग्यातला, पाइप ओढणारा. मंतरलेल्या बाणाने तो मरतो ही कल्पना रामायणातून आलेली नाही. 'कोलचॅक' नावाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या 1974 मधल्या एका भागातून आलेली आहे. पन्नास वर्षं जगभरातल्या पोरांनी हाच राक्षस मारला. आता चित्र थोडं बदलतंय. 2022 च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या अधिकृत पुस्तकात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या वळणाची एक साहसकथा लिहिली आहे. विदर्भ मात्र अशा नकाशावर अजून फारसा दिसत नाही. रामटेक, नगरधन, गाविलगड, मेळघाटचं जंगल, सगळं पडून आहे.

ते खेळात आणायला परवानगीची गरजही उरलेली नाही. जानेवारी 2023 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने त्याचे नियम वापरण्याच्या परवान्याच्या अटी कडक करायचा घाट घातला, खेळाडू खवळले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. त्या माघारीत तिने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, सुमारे 400 पानांचे, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. मूळ श्रेय दिलं की कुणीही ते वापरावेत, भाषांतरित करावेत, विकावेतही. एखाद्या हौशी अनुवादकाने त्यातली सुरुवातीची वीस-पंचवीस पानं जरी सोप्या मराठीत आणली, तरी पहिल्या डावापुरतं काम भागेल. आणि तुमचा शाळेचा ग्रुप "अजून काय?"वर अडकला असेल, तर त्यातल्या चौघांना गाठा, वर्षभराची मोहीम वगैरे मनात न आणता एकाच बैठकीत संपेल अशी गोष्ट घ्या, आणि येत्या रविवारी संध्याकाळी साडेसातची वेळ द्या, भारतीय वेळेप्रमाणे.