स्मृतिभ्रंश एकच नाही

सकाळी काय खाल्लं ते आजी विसरते, पण स्वतःच्या लग्नातली पंगत तिला नीट आठवते. अल्झायमरची सुरुवात बहुधा अशीच होते: ताज्या आठवणी आधी जातात, बाकीचं वर्षानुवर्षं हळूहळू. रक्तवाहिन्यांच्या आजाराने येणारा स्मृतिभ्रंश मात्र अनेकदा पायरीपायरीने उतरतो. पक्षाघाताचा झटका येतो, माणूस एकदम खालावतो, मग काही काळ तसाच राहतो.

सगळ्यात जास्त चकवतो तो लेवी बॉडी प्रकार. सकाळी चोख हिशेब करणारे आजोबा दुपारी हरवल्यासारखे बसतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. कोपऱ्यात मुलं, प्राणी दिसतात, तेही अगदी स्पष्ट. चाल मंदावते, अंग ताठरतं. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं तर कित्येकदा अनेक वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. पण झोपेबद्दल डॉक्टरांना कोण सांगतंय! सांगायलाच हवं, म्हणजे हा प्रकार वेळीच ओळखायला मदत होईल; नाहीतर भास थांबवण्यासाठी दिलेल्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने या रुग्णांची प्रकृती गंभीर बिघडू शकते.

फ्रंटोटेम्पोरल प्रकार बऱ्याचदा 45 ते 65 या वयात गाठतो. स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते, स्वभावच बदलतो: भिडस्त माणूस चारचौघांत नको ते बोलतो, जवळच्यांच्या दुःखाचं त्याला काही वाटेनासं होतं. काहींची आधी भाषाच अडखळते.

उतारवयात दोन प्रकार एकत्र असणंही नेहमीचंच. शिवाय बी-12ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांतूनही विसराळूपणा येतो, म्हणून त्यांची तपासणी आधी करतात.