रुजू तारीख की कायम तारीख?

सरकारी नोकरीची बाराखडी : भाग ९

गेल्या आठवड्यात बिंदुनामावली पाहिली. आज ज्येष्ठता यादी. बांधकाम किंवा पाटबंधारे खात्यात दोन उपअभियंते चहा घेताना आवाज खाली आणून बोलत असतील, तर विषय सिमेंटचा नसतो, यादीचा असतो.

उपअभियंत्याच्या खुर्चीकडे दोन वाटा जातात. एक सरळसेवेची, परीक्षा देऊन. दुसरी बढतीची, साइटवर वर्षं काढून. खुर्ची तीच, काम तेच, वेतनश्रेणीही तीच. वरची कार्यकारी अभियंत्याची जागा रिकामी होईपर्यंत कुणाचं काही बिघडत नाही. मग प्रश्न येतो : दोघांत आधीचा कोण?

या भरतीच्या १९६० च्या नियमांनी सरळसेवा आणि बढतीचं प्रमाण ७५:२५ ठरवलं, पण ‘शक्यतोवर’. या एका शब्दाने पुढे वकिलांची बरीच सोय केली. खरी मेख निराळीच होती. एखाद्या वर्षी सरळसेवेने आलेले सगळे परिविक्षाधीन अधिकारी त्या वर्षी कायम झालेल्या बढतीवाल्यांच्या वर बसत. म्हणजे एकाची मोजणी उंबरठ्यापासून, दुसऱ्याची थेट माजघरापासून! १९६२ मध्ये बढती मिळालेला, पण १९७० मध्ये कायम झालेला माणूस १९७० च्याच नवख्याखाली जाई. आणि कायम करण्याचा आदेश काढणं पूर्णपणे सरकारच्या हाती. बढतीवाले वर्षानुवर्षं ‘स्थानापन्न’च राहत.

एस. बी. पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हा नियम घटनाबाह्य ठरवला. निकाल लिहिला न्या. य. वि. चंद्रचूड यांनी. एकाच संवर्गात एकच काम करणाऱ्यांची ज्येष्ठता कायम होण्यासारख्या बेभरवशाच्या गोष्टीवर टांगता येत नाही, हे त्याचं सार. माझ्या मते सेवाविषयक कायद्यात इतका व्यवहार जाणणारे निकाल थोडेच.

मग सरळसेवेचे अभियंते कोर्टात गेले. त्यांच्या वर्ग दोन संघटनेच्या खटल्यात २ मे १९९० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पटवर्धन निकाल उचलून धरला आणि अकरा सूत्रं घालून दिली. भांडणं आजही पहिल्या दोनांवरच होतात. नियमानुसार नेमणूक झाली असेल, तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून. निव्वळ वेळ मारून नेण्यासाठी नियम डावलून केलेली तदर्थ नेमणूक धरायची नाही. हे पहिलं. दुसरं असं : नेमताना रीतसर प्रक्रिया झाली नसली, तरी माणूस अखंड काम करत नियमित झाला, तर आधीचा काळही धरायचा.

दोन्ही एकदम वाचली की डोकं गरगरतं. प्रत्येक तदर्थ माणूस दुसरं सूत्र पुढे करणार, त्याचा प्रतिस्पर्धी पहिलं. पश्चिम बंगालच्या सहायक अभियंत्यांच्या खटल्यात १९९३ मध्ये न्यायालयाने खुलासा केला : पहिल्या सूत्रात वगळलेला माणूस दुसऱ्यातून मागच्या दाराने आत येऊ शकत नाही. दुसरं सूत्र फक्त रिक्त पदावरच्या, प्रक्रियेत काही उणीव राहिलेल्या नेमणुकीला लागू.

तेव्हा तुमच्या खात्याची तात्पुरती ज्येष्ठता यादी निघाली, की स्वतःचा क्रमांक नंतर बघा. आधी तुमच्या नावापुढची तारीख आणि नेमणुकीच्या आदेशातला ‘तदर्थ’ हा शब्द बघा. हरकत असेल तर दिलेल्या मुदतीत, लेखी नोंदवा आणि पोच घ्या.

(पुढील भाग : मानीव दिनांक)