झिजलेला पट्टा आणि जड झालेले स्टिअरिंग

जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करताना बटण एका विशिष्ट जागी आले की खरखर होते. दुसरीकडे, एखाद्या मोटारीचे हलके चालणारे स्टिअरिंग एके दिवशी अचानक जड होते आणि चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लागतो. या दोन्ही बिघाडांचे मूळ एकच असू शकते. ते कोणते आणि त्याची दुरुस्ती घरी करावी का, हे आपण पाहू.

मोटरला कसे कळते?

कर्वेनगरच्या एखाद्या अरुंद गल्लीत दोन गाड्यांच्या मधल्या जागेत आपली गाडी लावायची आहे. गाडी जवळजवळ उभीच असते आणि चाके वळवायची असतात. टायर व रस्ता यांमधील घर्षणामुळे त्याला बराच जोर लागतो. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये एक मोटर हा भार उचलते. 1988 साली जपानमध्ये सुझुकीच्या सेर्व्हो या छोट्या गाडीत अशी रचना आली. समजा, 12 व्होल्टच्या बॅटरीतून मोटर 40 अँपिअर विद्युतधारा घेते. मग शक्ती झाली 12 × 40 = 480 वॅट, म्हणजे साधारण स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी.

पण मदत कोणत्या बाजूला आणि किती करायची? त्यासाठी स्टिअरिंगच्या दांड्याचे दोन भाग पोलादाच्या एका बारीक दांडीने जोडलेले असतात. आपण वरचा भाग फिरवतो, टायरच्या विरोधामुळे खालचा भाग किंचित मागे राहतो आणि मधली दांडी थोडे अंश पिळली जाते. जोर जास्त, तर पीळ जास्त. हा पीळ मोजतो तो सेन्सर.

अनेक जुन्या गाड्यांतील सेन्सरमध्ये कार्बनचा पट्टा आणि त्यावर सरकणारी धातूची पत्री असते. हाच आपल्या ओळखीचा पोटेन्शिओमीटर. रेडिओच्या बटणामागेही तोच असतो. पट्ट्याच्या दोन टोकांना 5 व्होल्ट दिले, तर मधोमध असलेल्या पत्रीवर 2.5 व्होल्ट मिळतात. पत्री एका बाजूला सरकली की हा आकडा वाढतो, दुसऱ्या बाजूला सरकली की कमी होतो.

झीज मधोमध का?

जुन्या वाड्याच्या दगडी पायऱ्या मधेच झिजतात, कारण बहुतेक पावले तिथेच पडतात. इथेही तसेच आहे. गल्लीत गाडी लावताना पत्री टोकापर्यंत जाते, पण ते काही क्षणच. राजाराम पुलावरून सरळ जाताना मात्र स्टिअरिंगवरचा जोर शून्याच्या आसपास राहतो आणि पत्री मधल्या चिंचोळ्या जागेत सतत थरथरते. सेकंदाला दोन हालचाली धरल्या, तर तासाला 7,200 होतात. रोज एक तास, वर्षात 300 दिवस असा हिशेब केला, तर 21,60,000! तिथला कार्बन घासला जातो, चर पडते आणि व्होल्टेज अचानक तुटू लागते.

चुकीच्या आकड्यावर मोटरने विश्वास ठेवला, तर गाडी भलतीकडे ओढली जाईल. म्हणून अशा सेन्सरमध्ये दोन पट्टे ठेवतात. एका सोप्या पद्धतीत एकाचे व्होल्टेज वाढले की दुसऱ्याचे तेवढेच कमी होते, आणि बेरीज नेहमी 5 राहते. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत, की नियंत्रक मोटरची मदत थांबवतो आणि दिवा लावतो. स्टिअरिंग जड होते, पण चाकांशी असलेली यांत्रिक जोडणी कायम राहते. हा जडपणा म्हणजे खरे तर सुरक्षिततेची सोय आहे.

वर्गात करून पाहा

कागदावर 10 सेंमी. लांब व 1 सेंमी. रुंद पट्टा 6बी पेन्सिलीने दाट, काळा भरा. दोन्ही टोकांना 1.5 व्होल्टचे चार सेल एकसरीत जोडा. मल्टिमीटरची एक तार सेलच्या ऋण टोकाला लावा, दुसरी पट्ट्यावर सरकवा. मधोमध सुमारे 3 व्होल्ट दिसतील. आता पट्ट्याच्या मध्यबिंदूवरचा 3 मिमी.चा ठिपका खोडरबराने पूर्ण पुसा. तार त्या ठिपक्यावर ठेवली की आकडा हरवेल. तार ठिपक्याच्या बाजूला, पट्ट्याच्या कडेजवळ नेली की पुन्हा सुमारे 3 व्होल्ट!

हाच दुरुस्तीचा मार्ग आहे. काही हौशी मंडळी सेन्सर उघडून पत्रीची टोके हलकेच वाकवतात, म्हणजे ती न झिजलेल्या वाटेवरून चालतात. युक्ती तत्त्वतः बरोबर आहे. पण पत्री रुंदीच्या दिशेने सरकवताना लांबीच्या दिशेनेही केसभर सरकली, तर मोटर सरळ रस्त्यावरही एका बाजूला जोर लावेल. म्हणून शून्य पुन्हा जुळवावे लागते आणि त्यासाठी योग्य उपकरण लागते. शिवाय स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असू शकते. तिच्याशी खेळ नको. कोथरूडच्या टेकडीवर 1966 साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिथे वाहनांच्या व त्यांच्या भागांच्या चाचण्या होतात. वाकवलेली पत्री किती लाख हालचाली टिकेल, हे घरच्या टेबलावर कळत नाही.

तेव्हा आम्ही असे सुचवतो: स्टिअरिंग जड झाले, तर बॅटरीचे व्होल्टेज आणि फ्यूज घरी जरूर तपासा, कमी व्होल्टेजमुळेही मदत थांबू शकते. सेन्सरचे काम मात्र जाणकार कारागिराकडे द्या आणि शून्य जुळवले का, हे त्याला विचारा. आता अनेक गाड्यांत चुंबकीय क्षेत्रावर चालणारे सेन्सर असतात. त्यांत पत्री पट्ट्याला घासतच नाही. हात साफ करायला जुन्या रेडिओचे बटण उत्तम. तिथे चूक झाली, तर फार तर गाणे बंद पडेल.