भिंतीला थर्माकोलचा अंगरखा

आपल्याकडे गणपतीच्या मखरातून हद्दपार झालेला थर्माकोल पोलंडमध्ये घरांच्या भिंतींवर चढतो. तिथे त्याला ‘स्तिरोपिआन’ म्हणतात. दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीच्या शीट बाहेरून भिंतीला चिकटवायच्या, प्लास्टिकच्या खुंट्या ठोकायच्या, त्यावर काचतंतूंची जाळी, मग गिलावा आणि रंग. दहा सेंटिमीटर थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी विटांनी अडवायची तर भिंत दीड-दोन मीटर जाड बांधावी लागेल. किल्ल्याचा तटच तो!

या अंगरख्याचा धुराशी संबंध काय, ते पोलंडमधल्या क्राकोवमध्ये कळतं. विस्तुला नदीच्या खोलगट खोऱ्यातलं हे शहर. हिवाळ्यात थंड हवा तळाशी साचते, वरच्या उबदार थराचं झाकण बसतं आणि घराघरांतल्या कोळशाच्या भट्ट्यांचा धूर खालीच कोंडतो. वीजकेंद्राची उंच चिमणी बरी, इतकी ही ठेंगणी धुराडी वाईट. त्यांचा धूर थेट गल्लीतल्या माणसाच्या नाकात जातो. काजळी ओकणाऱ्या अशा भट्टीला तिथे ‘कोप्चुख’ म्हणतात. १ सप्टेंबर २०१९ पासून क्राकोवने कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळायला बंदी केली. शहराची हवा सुधारली, पण भोवतालच्या गावांचा धूर येतच राहिला. या गावांच्या वेढ्याचं नाव ‘ओब्वाझानेक’, म्हणजे शहरात हातगाड्यांवर मिळणारा कड्यासारखा पाव.

नुसती भट्टी बदलून मात्र भागत नाही. भिंतीतून ऊब गळतच राहिली, तर घर तापवणारं यंत्र मोठं लागतं. अंगरखा न चढवलेल्या घरात उष्णतापंप बसवणाऱ्या अनेकांना विजेच्या बिलानेच घाम फोडला. आधी भिंत, मग यंत्र, हा क्रम साधा आहे. तरी तो उलटाच होतो.

कम्युनिस्ट काळातल्या काँक्रीटच्या इमारतींवर अंगरखा चढवण्याचं काम १९९८च्या कायद्यानंतर जोरात झालं. त्या इतक्या गुलाबी-पिस्ता रंगांत न्हाल्या, की टीकाकारांनी त्या रोगाचं नावच ‘पास्तेलोझा’ ठेवलं!

जोखीमही आहे. फटी बुजवल्या आणि हवा खेळती ठेवली नाही, तर आत बुरशी धरते. थर्माकोल जळतो, म्हणून उंच इमारतींना दगडापासून केलेली, न जळणारी लोकर लावतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं बाहेरचं आच्छादन २०१७ साली पेटलं, तेव्हा ७२ माणसं गेली.

भट्टी आणि भिंत या दोन्हींसाठी अनुदान देणारी पोलंडची ‘स्वच्छ हवा’ योजना २०१८ची. गैरप्रकारांमुळे ती नोव्हेंबर २०२४मध्ये थांबवावी लागली. मार्च २०२५अखेर ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा घराची ऊब कुठून किती गळते याची तपासणी आधी करून घेणं सक्तीचं झालं.