संगणकीय संहिता आणि अभ्यासकाची गरज

महानुभाव वाङ्मयाचे व्यासंगी संशोधक डॉ. वि. भि. कोलते (१९०८–१९९८) हे मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे. त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पोथ्या ताडून पाहणे, पाठभेद नोंदविणे हे सारे डोळ्यांनी आणि टाचणांच्या आधारे करावे लागे, त्या काळातील हे संपादन होय. आज असा ग्रंथ संगणकावर आणला की अभ्यासकाचे काम आपोआप सुकर होते, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे.

डोनाल्ड नॉर्मन व स्टीफन ड्रेपर यांनी १९८६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथापासून 'वापरकर्ताकेंद्री रचना' ही संकल्पना विशेष चर्चेत आली. साधन कोण व कशासाठी वापरणार हे आधी जाणून घ्यावे, कच्चा नमुना त्याच्या हाती द्यावा, तो कोठे अडतो ते पाहून रचना बदलावी, असे तिचे थोडक्यात स्वरूप. साहित्यसंशोधनात हा वापरकर्ता म्हणजे अभ्यासक. आणि मराठीच्या अभ्यासकाच्या अडचणी अक्षरापासूनच सुरू होतात.

युनिकोड या संकेतप्रणालीच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश झाला. मोडीला २०१४ पर्यंत थांबावे लागले. युनिकोड रुळण्यापूर्वी मात्र प्रत्येक टंकाची संकेतरचना निराळी होती. प्रस्तुत लेखकाचा प्रबंध अशाच एका टंकात जुळविलेला असून आज ती फाईल उघडली असता पडद्यावर रोमन चिन्हांची रास दिसते.

युनिकोडनेही सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे दरीचे अनेकवचन. हा दुसरा शब्द दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' योजतात. दुसरीत साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. वाचकाला दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात. म्हणून एकाचा शोध घेताना दुसरे हाती लागत नाही. शोधाच्या सोयीसाठी अदृश्य चिन्ह गाळावे, तर दऱ्यांचा दर्या होतो!

जुन्या मराठीत हा प्रश्न अधिक गहन होतो. लीळाचरित्रातील लोणारचे प्रसंग धुंडाळणाऱ्यास ऱ्हस्वदीर्घ व अनुस्वार यांची दखल न घेणारा सैल शोध हवा असतो. 'म्हणीतलें' आणि 'म्हणितलें' ही दोन्ही रूपे त्याला एकदमच मिळाली पाहिजेत. विभक्तिविचार करणाऱ्यास नेमके उलट हवे. 'गोसावी' हे प्रथमेचे रूप आणि 'गोसावीं' हे तृतीयेचे. येथे अनुस्वार गेला की कर्तरी-कर्मणी हा भेदच बुजतो. तेव्हा सैल शोध की काटेकोर, ही निवड यंत्राने परस्पर न करता अभ्यासकाच्या हाती ठेवावयास हवी.

अलीकडे मुद्रित वा हस्तलिखित पानाचे छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरे ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अवलंब होतो. श्रम वाचतात, हे निःसंशय. परंतु अशा यंत्रणेला आधुनिक मराठीचे वळण असेल, तर १९६२ नंतरच्या लेखनात न दिला जाणारा अनुच्चारित अनुस्वार ती चूक समजून पुसून टाकू शकते. आणि असे 'शुद्ध' झालेले पान निर्दोष दिसत असल्यामुळे त्यावर संशयही येत नाही. यासाठी संहितेशेजारी मूळ पानाचे चित्र आणि पाठभेद एकाच वेळी दिसणे आवश्यक आहे.

अशा रचनेची परीक्षा महाविद्यालयातही घेता येईल. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना एकच लीळा द्यावी, तीतील तृतीयेची रूपे व पाठभेद शोधावयास सांगावे आणि ते कोणत्या टप्प्यावर पडदा सोडून छापील ग्रंथाकडे वळतात, ते टिपून ठेवावे.